अल्फा चढवू नका, आधी वजाबाकी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातून तेजोमेघांची (अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांची) छायाचित्रे कशी घ्यावीत, यावरचा लेख रविवार पुरवणीत आला हे उत्तम झाले. मुंबईच्या गच्चीवरूनही हे साधते, यावर अजून अनेकांचा विश्वास बसत नाही. मात्र लेखातली 'हायड्रोजन-अल्फाची प्रतिमा ल्युमिनन्स म्हणून रंगीत चित्रावर चढवा' ही ओळ तशीच पाळली, तर चित्र हमखास बिघडते. (हायड्रोजन-अल्फा, थोडक्यात अल्फा, म्हणजे चमकणाऱ्या हायड्रोजन वायूचा ठरावीक लाल प्रकाश.) असा एकच अरुंद पट्टा आत सोडणारे नॅरोबँड फिल्टर स्वस्त नसतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चित्रात कुठे किती उजेड दिसावा, हे ल्युमिनन्स ठरवते. ते काम एकट्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल रेषेकडे सोपवले, की जिथे हायड्रोजन चमकत नाही तिथे काळोख होतो. धनु राशीतल्या ट्रिफिड तेजोमेघाचा (एम २०) निळा भाग म्हणजे धुळीवरून परावर्तित झालेला ताऱ्यांचा प्रकाश. अल्फात तो जवळजवळ नसतोच. त्यामुळे निळा भाग मळकट होतो आणि लाल भाग फिकट गुलाबी, धुतल्यासारखा दिसतो. शिवाय अल्फातले तारे लहान आणि रंगीत प्रतिमेतले मोठे, त्यामुळे प्रत्येक ताऱ्याभोवती रंगीत कडे उरते. कृत्तिकांसारख्या निव्वळ परावर्तन तेजोमेघावर तर हा फिल्टर लावण्यात अर्थच नाही.

रंगीत चित्र लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचे, म्हणजे चॅनलचे असते. अल्फाची जागा लाल चॅनलमध्ये आहे, आणि तिथेही फक्त त्यातल्या जादा प्रकाशाची. लाल फिल्टर साधारण १०० नॅनोमीटर रुंद आणि अल्फा ७ नॅनोमीटरचा धरला, तर समान एक्सपोजरला अल्फाच्या प्रतिमेत ताऱ्यांचा प्रकाश लाल प्रतिमेच्या सुमारे ७ टक्के येतो. दोन्ही प्रतिमांची पार्श्वभूमी शून्यावर आणायची, लाल प्रतिमा ०.०७ने गुणायची आणि अल्फातून वजा करायची. उरतो तो तेजोमेघाचा वायू. (लाल फिल्टरमधूनही अल्फा येतोच, म्हणून काटेकोर हिशेबात या उत्तराला ०.९३ने भागतात, नजरेला फरक जाणवत नाही.) एक्सपोजर वेगळे असेल तर गुणक चाचपडत शोधावा: संपृक्त न झालेले (म्हणजे तेजाची कमाल मर्यादा न गाठलेले) मध्यम तारे नाहीसे झाले की तो बरोबर. ताऱ्यांच्या जागी काळी भोके पडली तर वजाबाकी जास्त झाली, पांढरे ठिपके राहिले तर कमी. मग ही उरलेली प्रतिमा लाल चॅनलमध्ये मिळवायची, तेजोमेघाचा गाभा संपृक्त होणार नाही इतपतच.

या उरलेल्या प्रतिमेचाच १५ ते २० टक्के अंश निळ्यातही घालावा. हायड्रोजन ४८६.१ नॅनोमीटरलाही, म्हणजे बीटा रेषेत, चमकतो. अल्फा त्याच्या सुमारे २.८६ पट, आणि वाटेतली धूळ बीटा आणखी खाते. एवढे केले की विटकरी लाल जाऊन खरा गुलाबी येतो. ऑक्सिजनची ५००.७ची रेषा हिरव्या-निळ्याच्या सीमेवर पडते, म्हणून ती दोन्ही चॅनलमध्ये वाटावी, वजाबाकी करूनच.

हे सगळे स्ट्रेच करण्यापूर्वी (अंधुक भाग उजळण्यापूर्वी), प्रतिमा रेषीय असतानाच, म्हणजे आकडे पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात असतानाच करायचे; नंतर वजाबाकीला अर्थ उरत नाही. प्रत्येक फिल्टरचे फ्लॅट (धुळीचे डाग आणि कडांचा काळोख काढण्यासाठी घेतलेल्या एकसारख्या उजेडाच्या प्रतिमा) वेगळे. सगळ्या प्रतिमा आधी एकाच संदर्भावर जुळवाव्यात, कारण जुळवणी ताऱ्यांवरून होते. तारे काढून टाकल्यावर सॉफ्टवेअरला धरायला काही राहत नाही. चॅनल मिसळण्याआधी प्रत्येकाचा ग्रेडियंट, म्हणजे पार्श्वभूमीवरचा उजेडाचा चढ-उतार, स्वतंत्र काढावा. त्यासाठी पार्श्वभूमी मोजायला निवडलेले नमुन्याचे बिंदू तेजोमेघावर पडले, तर तेजोमेघच पुसला जातो. चित्र मंद, करडे झाले की दहापैकी आठ वेळा कारण हेच.

आता मुंबई. पूर्वीच्या सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असे, साध्या फिल्टरने तो बराच अडत असे. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या पट्ट्यावर पसरलेला. तो ७ किंवा ३ नॅनोमीटरच्या फिल्टरनेच आवरतो. म्हणून वायूचा भाग गच्चीवरून, ३००-३०० सेकंदांच्या फ्रेम जोडून घ्यावा. अल्फाला चांदणे फारसे नडत नाही, ऑक्सिजनला नडते. त्याच्यासाठी अमावास्येच्या आसपासच्या रात्री राखून ठेवाव्यात. रंगीत भाग मात्र शहराबाहेरच्या, वांगणीसारख्या अंधाऱ्या ठिकाणी जाऊन घ्यावा. नुसते ताऱ्यांचे रंग हवे असतील तर ३० ते ६० सेकंदांच्या फ्रेमचा एक तास पुरतो. ट्रिफिडचा निळा भाग हवा असेल तर कित्येक तास लागतात. दोन्हीकडे दुर्बीण वेगळी असेल, तर जुळवणीत सॉफ्टवेअरमधली विकृती-दुरुस्ती (भिंगामुळे आलेला वाकडेपणा सरळ करणारी सोय) चालू ठेवावी, नाहीतर कोपऱ्यांतले तारे दुहेरी दिसतात.

शेवटी आपल्याला एक विनंती. न्यूजप्रिंटवर शाई पसरते आणि अंधारे भाग भरून येतात. अल्फाचा गडद लाल तर छपाईत सपाट डागासारखा उतरतो. तेजोमेघाचे चित्र छापताना ते थोडे उजळून घ्यावे. दुसरे, कोणता रंग कुठून आला ते खाली द्यावे. हबलच्या १९९५च्या प्रसिद्ध चित्रात गरुड तेजोमेघातल्या स्तंभांचा गंधक लाल, हायड्रोजन हिरवा आणि ऑक्सिजन निळा दाखवला आहे. ती एक ठरवून केलेली वाटणी आहे, आणि ती न सांगता छापली की वाचकाला सगळीच चित्रे बनावट वाटू लागतात. एवढी ओळ पुरे: 'हायड्रोजन-अल्फा (७ नॅनोमीटर), ६ तास, मुंबई, लाल व अंशतः निळ्यात, तारे आणि बाकीचे रंग साध्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरमधून, ४ तास, वांगणी.'

आपला,
एक हौशी आकाशछायाचित्रकार, मुलुंड (पूर्व), मुंबई