मंगळ, मॉस्कोतली बंद खोली आणि तुझं जहाज

चिपळूण, रविवार

प्रिय मंद्या,

सप्रेम नमस्कार. तुझी मेल मिळाली. इकडे सगळं ठीक. काकूंच्या गुडघ्याने पुन्हा डोकं वर काढलंय, पण ते वहिनीने तुला सांगितलंच असेल.

मी मागे मॉस्कोच्या मार्स-५०० बद्दल, म्हणजे मंगळप्रवासाची नक्कल म्हणून माणसांना बंद खोलीत ठेवण्याच्या प्रयोगाबद्दल लिहिलं, तर तू म्हणतोस, "बाहेर रस्त्यावर बस धावतेय आणि आत सहा बाप्ये मंगळावर निघाल्याचं सोंग घेऊन बसलेत, ह्याला तुम्ही शास्त्र म्हणता?" आणि वर, "आम्ही आयुष्यभर जहाजावर हेच खरंखुरं करतो, आमच्यावर कोण पेपर लिहितो?" दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पहिल्याला आहे, आणि आज पोरांचे पेपर तपासायचा कंटाळा आलाय.

सोंग होतं हे कबूल. ३ जून २०१० ला तीन रशियन, एक फ्रेंच, एक इटालियन आणि एक चिनी असे सहा जण आत गेले ते ४ नोव्हेंबर २०११ ला बाहेर आले. ५२० दिवस. मध्ये फेब्रुवारीत ते मंगळावर 'उतरले', म्हणजे शेजारच्या वाळू पसरलेल्या दालनात अंतराळवीरांचा पोशाख चढवून फिरून आले. वजन पृथ्वीवरचंच, खऱ्या मंगळावर ते ३८ टक्क्यांवर आलं असतं. किरणोत्सर्ग नाही, भिंतीपलीकडे मरण नाही.

पण गंमत बघ, ह्या लोकांचं दार उघडलं त्यानंतर तीनच आठवड्यांनी नासाचा क्युरिऑसिटी रोव्हर मंगळाकडे निघाला, आणि खोलीत जे नव्हतं ते त्याने मोजलं. प्रवासात तो यानाच्या पोटात असतानाच त्यावरचं किरणोत्सर्ग मोजणारं उपकरण चालू होतं. दिवसाला साधारण १.८ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजायचं एकक). आपल्याला इथे निसर्गातून वर्षाला दोन-तीन मिळतात. जाऊन-येऊन वर्षभराचा प्रवास धरला तर ६६० च्या आसपास, तेही मंगळावरचा मुक्काम न धरता. मग नंतरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी यंत्राने तिथल्या कार्बन डायऑक्साइडपासून प्राणवायू करून दाखवला. २०२१ ते २०२३ मध्ये सोळा वेळा चालवून एकूण १२२ ग्रॅम. माणसाला दिवसाला आठशेच्या वर लागतो. तरी जमतं हे कळलं, आता यंत्र मोठं करायचं. मातीत पर्क्लोरेट क्षार आहेत, ते थायरॉइडला वाईट, हे २००८ मध्येच फीनिक्स यानाने सांगून ठेवलंय. थोडक्यात, मंगळाची कुंडली यानांनी बऱ्यापैकी मांडली आहे. जाणाऱ्या माणसाची मांडायची राहिलीय.

मॉस्कोत सगळ्यांच्या मनगटावर हालचाल टिपणारी घड्याळं होती. महिने सरले तशी हालचाल कमी होत गेली, लोळणं वाढलं. एकाचं शरीर चक्क पंचवीस तासांच्या दिवसावर गेलं. त्यामुळे बाकीचे जागे तेव्हा हा झोपलेला, आणि हा जागा तेव्हा बाकीचे घोरताहेत. कुणाशी भांडण नाही, काही नाही, तरी माणूस हळूहळू एकटा पडत गेला. तुझ्या इंजिन रूममध्ये वॉच, म्हणजे कामाच्या पाळ्या, लावून दिलेले असतात म्हणून हे होत नसावं.

भांडणांचीही नोंद होती, दर आठवड्याला प्रश्नावली भरून. हे मी खास तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं. आपसातल्या कुरबुरींपेक्षा बाहेरच्या नियंत्रण कक्षाशी झालेले खटके पाचपट! "किनाऱ्यावरच्या एसी ऑफिसातल्या शहाण्यांना काय कळतंय" हे तुझं पालुपद आता शास्त्राने सिद्ध झालंय, फ्रेम करून केबिनमध्ये लाव. आणि ज्या दोघांवर सगळ्यात जास्त ताण आणि थकवा होता, नोंदलेल्या खटक्यांपैकी ८५ टक्के त्या दोघांच्याच खात्यावर. हे दोघे आधी कसे ओळखायचे, हा खरा प्रश्न. निवड चाचण्यांतून ते पार होऊनच आले होते ना!

आणखी एक, ह्याचा मंगळाशी संबंध कमी, पण मला सगळ्यात हेच आवडलं. बंद खोलीत माणूस काय खातो-पितो ते ग्रॅमपर्यंत ठाऊक असतं आणि लघवीचा थेंब न् थेंब जमा करता येतो. मग मिठाचा प्रयोग केला: काही आठवडे रोज १२ ग्रॅम, मग ९, मग ६. पाठ्यपुस्तक म्हणतं, खाल्लेलं मीठ दिवसभरात बाहेर पडतं. इथे खाणं रोज तेवढंच, पण बाहेर पडणाऱ्या मिठाला आठवड्याच्या आसपासची आपली एक लय. आणि मीठ वाढलं तेव्हा लोक पाणी जास्त नाही, कमी प्यायले. रस्त्यावरून रोज घरी जाणाऱ्या माणसांवर हे कधीच सापडलं नसतं. निव्वळ ह्यासाठीसुद्धा मी त्या सोंगाला पैकीच्या पैकी द्यायला तयार आहे.

आता उशिराचं. मंगळापर्यंत रेडिओ संदेश जायला अंतराप्रमाणे तीन ते बावीस मिनिटं लागतात. आपलं मंगळयान आठव. २४ सप्टेंबर २०१४ ची सकाळ, स्टाफ रूममध्ये आम्ही सगळे टीव्हीला चिकटलेलो. तीनशे दिवस गप्प पडलेलं मुख्य इंजिन दोन दिवस आधी चारेक सेकंद पेटवून बघितलं होतं, आणि आता चोवीस मिनिटं जळायचं होतं. तेही बहुतेक वेळ यान मंगळाच्या आड गेलेलं असताना. आज्ञा आधीच चढवून ठेवलेल्या. बंगळुरूत बसून कुणी काही करू शकत नव्हतं. यंत्राला ते चालतं. माणसाने घाबरून विचारलेल्या प्रश्नाला पाऊण तासाने उत्तर आलं तर काय होतं, ते बघायला ह्यूस्टनचा चापिया प्रयोग आहे. त्रिमितीय छपाईने बांधलेलं, दीडशे चौरस मीटरच्या आसपासचं घर, चार माणसं, ३७८ दिवस, आणि मुद्दाम लावलेला बावीस मिनिटांचा उशीर. पहिली तुकडी जुलै २०२४ मध्ये बाहेर आली. लडाखमध्ये त्सो कार सरोवराजवळही ऑगस्ट २०२५ मध्ये इस्रोच्या पाठबळाने दोघांना दहा दिवस ठेवलं. दहा दिवसांत कंटाळाही धड येत नाही, पण साडेचार हजार मीटरवर श्वासाची परीक्षा तरी होते. सुरुवात म्हणून ठीक.

तुझं जिथे बरोबर आहे तिथे येतो. २०१८ च्या फेब्रुवारीत हवाईच्या मौना लोआ ज्वालामुखीवरच्या घुमटात अशीच एक तुकडी राहायला गेली. एकाला विजेचा धक्का बसला. रुग्णवाहिका आली, त्याला हॉस्पिटलात नेलं, तो बराही झाला, पण मोहीम सुरू झाल्यापासून चार दिवसांतच गुंडाळली. करायला हवं होतं तेच केलं. पण मंगळावर दार उघडून जायचं कुठे? परतीची खिडकीच सव्वीस महिन्यांनी येते. ह्या सगळ्या खोल्यांत कंटाळा खरा असतो, जेवण खरं असतं, खटके खरे असतात. खोटं असतं ते कुलूप, आणि आतल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. ह्यावर उपाय मला दिसत नाही. खरं कुलूप लावायला कुठलीच संस्था धजणार नाही, धजूही नये.

म्हणून तुला पकडलंय. २०२० मध्ये कोविडने क्रू चेंज बंद पडला तेव्हा चार लाखांच्या घरात खलाशी जहाजांवर अडकले होते, त्यांत तू एक. साइन ऑफची, म्हणजे जहाजावरून उतरून घरी जायची, तारीख पुढे-पुढे जात होती, आणि किती पुढे ते कॅप्टनलाही माहीत नव्हतं. तेव्हा फोनवर तू फक्त "बरा आहे" एवढंच म्हणायचास. मला आता नीट सांग. तारीख असताना आणि तारीख गेल्यावर माणसं वेगळी वागायला लागली का? आधी कोण बिघडलं, नवखे की जुने? मेसमध्ये लोक एकत्र जेवायचे का ताट घेऊन केबिनमध्ये जायला लागले? आणि कामात हयगय कुठे दिसली आधी? तुला लॉगबुकाची सवय आहे, तसंच लिही, साहित्य नको.

बारावीच्या पोरांना वाचून दाखवू का, तेही कळव. नको असेल तर नाव गाळतो. आणि हो, तुझे सोडे वहिनीकडे पोचवलेत.

तुझा,
अविनाश