माइक हरणाऱ्या पैलवानाच्या हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीतले दुसऱ्या फळीचे पैलवान पुढे दूरचित्रवाणीवर सूत्रसंचालक कसे झाले, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. आखाड्यात नशीब उघडलं नाही, म्हणून बिचारे स्टुडिओत गेले आणि तिथे उघडलं, असा लेखाचा सूर आहे. तो पटला नाही. माइक धरणं हे त्या धंद्यात पहिल्यापासून पैलवानाचंच काम होतं आणि हरणाऱ्याला ते जास्त करावं लागे.

तिकडच्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो. १९८९ साली डब्ल्यूडब्ल्यूएफ या तिथल्या मोठ्या कुस्ती कंपनीने न्यू जर्सी राज्यात हा खेळ नसून करमणूक आहे, असं सरकारदरबारी मान्यच करून टाकलं. मग मधल्या फळीच्या पैलवानाचं काम काय? तर नामांकिताकडून हरणं आणि पुढच्या कार्यक्रमाची तिकिटं खपवणं. मेम्फिस शहरात शनिवारी सकाळी स्टुडिओतून कुस्त्या थेट दाखवत. नामांकित पैलवान एका अनोळखी गड्याला दोन-चार मिनिटांत लोळवी. उरलेला वेळ मुलाखतींचा. गल्ला जमायचा तो सोमवारी रात्री मिड-साउथ कोलिझियम या तिथल्या मोठ्या प्रेक्षागारात, शनिवारचं प्रक्षेपण ही त्याची जाहिरात. कुणाशी लढतोय, भांडण कशावरून, कुठे आणि कोणत्या वारी, हे सगळं दोन-एक मिनिटांत बोलून मोकळं व्हायचं. बऱ्याच कंपन्यांत गावागणिक वेगळी फीत भरावी लागे. गावाचं नाव चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. वेळेत बोलणं, नजर कॅमेऱ्याच्या भिंगावर ठेवणं आणि वार-ठिकाण शेवटी ठासून सांगणं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं ते असं. शिवाय हरणाऱ्याला समोरच्याचा डाव मोठा करून दाखवावा लागतो. समालोचक तरी दुसरं काय करतो?

डब्ल्यूडब्ल्यूएफचा पैलवान जेसी व्हेंचुरा १९८४ मध्ये फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या झाल्यामुळे आखाड्याबाहेर गेला आणि समालोचनाला बसला. जोडीला गोरिला मॉन्सून. तो महाविद्यालयात असताना खरी कुस्ती खेळलेला गडी, १९५९ च्या अमेरिकी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत वजनी गटात दुसरा आलेला. ३१ मार्च १९८५ ला झालेल्या पहिल्या रेसलमेनियाचं, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मोठ्या कार्यक्रमाचं, समालोचन या दोघांनीच केलं. मॉन्सून पकड आणि डाव सांगे, व्हेंचुरा खलनायकाची वकिली करी. काय झालं ते एकाने सांगायचं आणि का झालं ते दुसऱ्याने, ही वाटणी आजही कुठल्याही खेळाला चालते. व्हेंचुरा पुढे मिनेसोटाचा गव्हर्नर झाला, तो भाग वेगळा.

आपल्याकडची कुस्ती खरी, तरी माइकची गरज तितकीच. नाशिक जिल्ह्यात यात्रेला जोडून दंगल भरते. आधी पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, मग इनामाच्या, शेवटी नेमलेली मोठी जोड. अशा दंगलीत सहसा गुणफलक नसतो. चितपट झाली तर निकाल, नाही तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. मोठ्या जोडीत पंधरा-वीस मिनिटं नुसती खडाखडी, म्हणजे पकडीसाठीची झटापट, चालते. तेव्हा माइकवाल्याला बोलायला काही नसतं, म्हणून तो व्यासपीठावर आलेल्या पाहुण्यांचे सत्कार उरकून घेतो. नेमका त्याच वेळी कुणी तरी पट काढतो, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला खाली आणतो. प्रेक्षकांनी ते पाहिलेलं असतं. मोबाइलवर थेट प्रक्षेपण बघणाऱ्याला मात्र शाल-श्रीफळच ऐकू येतं.

खरं तर खडाखडीतच सांगण्यासारखं सगळं असतं. मनगट कुणी धरलं, मानेवर हात कुणाचा, पुढचा पाय कोणता, कोण मागे सरकतोय. कोथळीच्या शंकर पुजारींनी पश्चिम महाराष्ट्रातली मैदानं निवेदनाने बांधून ठेवली ती या बारकाव्यांवर. जो स्वतः दहा वर्षं मातीत हरला-जिंकला, त्याला हे न सांगता दिसतं. ऑर्केस्ट्राच्या निवेदकाला दिसणार नाही, आवाज कितीही भारदस्त असो.

गादीवर, म्हणजे मॅटवर, तर नियम माहीत नसले की घोटाळाच. फ्रीस्टाइलमध्ये तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद विश्रांती. बगलडूब मारून मागे जाऊन कब्जा घेतला तर दोन गुण. ढाक लावून उभ्या कुस्तीतून थेट पाठीवर आणला तर चार. पाठ गादीकडे झुकून कोन नव्वद अंशांच्या आत गेला की धोक्याची स्थिती, आणि दोन-चारमधला फरक तिथेच. गादीबाहेर पाय गेला तर समोरच्याला एक. निष्क्रिय पैलवानाला आधी ताकीद, पुढच्या वेळी तीस सेकंदांची मुदत. त्यात गुण मिळवला नाही तर समोरच्याला एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. आणि निवेदकाने खूणगाठ बांधून ठेवावी अशी गोष्ट: सरपंचाने, म्हणजे गादीवरच्या मुख्य पंचाने, बोटं दाखवली म्हणजे गुण मिळाले असं नाही. सरपंच, बाजूचा पंच आणि आखाडा प्रमुख या तिघांपैकी दोघांचं एकमत लागतं. तोवर ‘सरपंचांनी चार दाखवलेत, फलकाकडे लक्ष ठेवा’ एवढंच म्हणायचं. प्रशिक्षकाने दाद मागायला स्पंजचा ठोकळा गादीवर टाकला, की चित्रफीत पाहून होईपर्यंत आपलं मत सांगायचं नाही.

याचं महत्त्व जानेवारी २०२३ मध्ये कळलं. पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत माती विभागात (तिथे मातीवरही गुण मोजतात) महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरची टांग हा डाव मारला, पंचांनी चार गुण दिले आणि राज्यभर गदारोळ उठला. पाठ धोक्याच्या स्थितीत गेली की नाही, वाद एवढाच. ‘दोन कधी, चार कधी’ हे त्याच मिनिटाला घरोघरी कुणी समजावलं असतं, तर पंचांना दूषणं देणाऱ्या निम्म्या लोकांना निदान आपण कशावर भांडतोय हे तरी कळलं असतं. उलट याच स्पर्धेची जानेवारी २०२० ची अंतिम कुस्ती घ्या. भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत घडलेला, नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघेही काका पवारांचे पठ्ठे. ३-२ असा निकाल. एकाच वस्तादाचे दोघे, एकमेकांचे डाव पाठ, म्हणून गुण कमी. हे आधी सांगितलं की तीच ‘संथ’ कुस्ती बघणारा खुर्चीच्या कडेवर येतो.

जुन्या पैलवानाच्या हाती माइक दिला म्हणजे झालं, असंही नाही. त्याचे दोष ठरलेले. त्याला सगळं उघड वाटतं, म्हणून तो ‘बसला, बसला, गेला’ एवढंच म्हणतो. कोण, कुठे, कसा, हे पोटातच राहतं. दुसरं, आपल्या तालमीचा पोरगा असला की आवाज चढतो. तिसरं आणि सर्वांत घातक, पंचाच्या शिट्टीआधी ‘चितपट!’ ओरडणं. भोंग्यावरून तो शब्द गेला की हलगी वाजते, लोक आखाड्यात धावतात आणि पंचांना निकाल फिरवणं अवघड होऊन बसतं.

यावर उपाय साधा आहे. आवाज बंद करून सहा मिनिटांच्या गादीवरच्या कुस्तीची चित्रफीत तीनदा लावायची. पहिल्यांदा फक्त पकड बोलायची, दुसऱ्यांदा फक्त गुण आणि उरलेला वेळ, तिसऱ्यांदा दोन्ही. आपलं बोलणं मोबाइलवर भरून डोळे मिटून ऐकायचं. डोळ्यांसमोर कुस्ती उभी राहिली नाही तर पुन्हा. कुस्तीच्या दिवशी तासभर आधी जाऊन प्रत्येक जोडीचं नाव, गाव, वस्ताद आणि आवडता डाव वहीत टिपायचा. सलामीला लांगेचा (आखूड चड्डीचा) रंग लिहून घ्यायचा, कारण मातीने माखल्यावर दोघे सारखेच दिसतात.

निवेदकाने बसायचं कॅमेऱ्याच्याच बाजूला. समोरच्या बाजूला बसला तर त्याचा ‘उजवीकडचा पैलवान’ पडद्यावर डावीकडे दिसतो. दंगल दुपारी चारनंतर रंगते, म्हणून कॅमेरा पश्चिमेला, सूर्य पाठीशी, आणि माणसांची डोकी आड येणार नाहीत इतक्या उंचीवर. माइक ओठांसमोर धरला तर श्वास फुटतो, तो हनुवटीखाली दोन-तीन बोटांवर धरावा. हलगी माइकपासून लांब, पण बंद मुळीच नको.

राहिला पैशाचा प्रश्न. निवेदकाचं मानधन बहुतेक ठिकाणी देणगीदारच देतात, त्यामुळे त्यांची नावं घेणं भाग आहे. ती दोन कुस्त्यांमध्ये, माती सारखी करताना घ्यावीत. तिथे मिनिट-दोन मिनिटं हमखास मिळतात आणि पाच-सहा नावं आरामात बसतात. जिल्ह्यातल्या यात्रा समित्यांनी आणि स्थानिक केबल वाहिन्यांनी येत्या चैत्रात एवढं करून पाहावं.

आपले,
पंचवटीतील काही कुस्तीप्रेमी, नाशिक