नाना, तुमचं नाव छापायचं राहिलं

नाना, परवा मुंबईत आमचा ग्रुप शो सुरू झाला, माझी चार चित्रं लागलीत. माहितीपत्रकात 'शिक्षण' म्हणून फक्त जे. जे. स्कूल ऑफ आर्ट छापलंय, पेणचा तुमचा गणपतीचा कारखाना कुठेच नाही. चूक माझीच, मीच घाईत तसं लिहून दिलं. कागद हातात आला आणि रात्रभर झोप लागली नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन वर्षं एका क्लासला जायचे, एलिमेंटरीसाठी. तिथले सर चित्र अर्ध्यावर आलं की माझ्या हातातून ब्रश घ्यायचे आणि स्वतःच पुरं करायचे, घरी आई कौतुक करायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. फी मात्र चोख घेतली. अजून राग जात नाही.

आणि मग तो श्रावण. शाडूच्या मूर्ती पावसात सुकता सुकत नव्हत्या, ऑर्डरी डोक्यावर, त्यात तुम्ही झिरो नंबरचा ब्रश माझ्या हातात दिलात, "ह्याची आखणी तू कर." डोळे! ते तुम्ही कुणाला करू द्यायचा नाहीत. एक जमला, दुसऱ्याचं बुबुळ सरकलं, नजर बसेना. वाटलं, आता ब्रश जाणार. तुम्ही पांढऱ्या रंगाची वाटी माझ्याकडे सरकवलीत आणि चक्क पाठ करून बसलात. मी तीनदा पांढरा मारला, तीनदा परत काढलं, तुम्ही एकदाही वळून बघितलं नाहीत.

अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांची शिल्पं दाखवायला पण तुम्हीच नेलंत. एसटीत सांगत होतात, करमरकर म्हणजे गणपती करणाऱ्या घरातलं पोर, देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराज काढले, ते कलेक्टर ऑटो रॉथफील्डनी बघितले आणि त्याला जे. जे.ला धाडलं, त्याच पोराने पुढे पुण्यात १९२८ ला महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा केला. साहेब भिंत खराब केली म्हणून ओरडला नाही, हे तुम्ही दोनदा म्हणालात. अशी माणसं भेटायला नशीब लागतं नाना, मला घरापासून दहा मिनिटांवर भेटलं.

आता कोळणींचे चेहरे रंगवते. डोळे सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा खोलीत कुणी नको असतं.

माहितीपत्रक परत छापून घेतलंय, कारखान्याच्या नावासकट. श्रावणात आखणीला येतेय.