कप्तान तीन, दुखणं एक

दांडिया बाजार, बडोदा
5 डिसेंबर 2025

प्रिय नंदू,

तुझं पत्र मिळालं. गुवाहाटीचा निकाल लागला त्याच संध्याकाळी लिहायला बसलास, हे अक्षरावरूनच कळतं. राग मलाही आला आहे. दक्षिण आफ्रिकेकडून 408 धावांनी हार! धावांच्या फरकाने आपण कसोटीत इतके कधीच हरलो नव्हतो. पण त्या रागाच्या भरात तू निकाल देऊन टाकलास, शुभमन गिलला काढा आणि कप्तानी के. एल. राहुलकडे द्या, तो मला अजिबात पटलेला नाही. फोनवर या विषयावर दोघांचेही आवाज चढतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मुळात गुवाहाटीला गिल मैदानात नव्हताच. कोलकात्यात तीन चेंडू खेळला, मान आखडली, हॉस्पिटलात न्यावं लागलं. दुसऱ्या डावात तो बॅट घेऊन उतरला नाही आणि गुवाहाटीत नाणेफेकीला पंत गेला. आता जरा मागे जा. गेल्या वर्षी ऑक्टोबरात न्यूझीलंडवाले आले, तेव्हापासून आपण घरच्या मैदानांवर सात कसोट्या खेळलो आणि त्यातल्या पाच हरलो. बंगळुरू, पुणे आणि मुंबईला कप्तान रोहित, कोलकात्याला गिल, गुवाहाटीला पंत. पाच पराभव, तीन कप्तान. जिंकलेल्या दोन्ही वेस्ट इंडीजविरुद्धच्या, त्या गिलच्याच हाताखाली. कप्तान बदलत गेले आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. आता चौथा आणणं म्हणजे तापाला औषध द्यायचं सोडून पांघरूण बदलत बसण्यासारखं आहे.

दुखणं कुठलं, हे तुला मी सांगायला नको. फिरकी. पुण्यात न्यूझीलंडच्या सँटनरने सामन्यात 13 बळी घेतले. वानखेडेवर 147 करायच्या होत्या, एजाझ पटेलने सामन्यात 11 जण टिपले आणि आपला डाव 121वर आटोपला. कोलकात्याला ईडनवर 124 हव्या होत्या, 93 झाल्या. आफ्रिकेच्या हार्मरने दोन कसोट्यांत 17 बळी नेले. लहानपणी आपण रेडिओला कान लावून बसायचो तेव्हा पाहुण्यांचे फलंदाज आपल्या फिरकीपुढे चाचपडायचे आणि आपल्याला त्याचा केवढा अभिमान होता! आता चाचपडणारे आपले आहेत. हे मला पराभवापेक्षाही जास्त लागतं.

त्यात ईडनच्या खेळपट्टीचा आखाडा करून ठेवलेला. अशीच खेळपट्टी आम्हाला हवी होती, असं प्रशिक्षक गंभीरने सामन्यानंतर स्वतः सांगितलं. संघात फिरकी टाकणारे चार: जडेजा, अक्षर, कुलदीप, सुंदर. हा हिशेबच मला समजत नाही. पहिल्या दिवसापासून हातभर वळणाऱ्या विकेटवर जडेजा काय आणि पाहुण्यांचा दुसऱ्या फळीतला फिरकीपटू काय, फरक उरत नाही. चांगल्या विकेटवर जडेजाला चौथ्या दिवशी जे वजन येतं ते आपणच काढून टाकतो आणि समोरच्याला आयतं बरोबरीत आणून बसवतो. तरी त्याच विकेटवर आफ्रिकेचा कप्तान बवुमा नाबाद 55 करून गेला. अख्ख्या सामन्यातलं ते एकमेव अर्धशतक. पुन्हा कधी दिसलं तर त्याचे हात बघ. चेंडू बॅटवर येईपर्यंत तो थांबतो, बॅट पॅडच्या पुढे ढकलत नाही, आणि आखूड पडला की पूर्ण मागे जाऊन खेळतो. यात जादू काही नाही, सवय आहे.

ही सवय कुठे गेली, ते मला इथे बडोद्यातच दिसतं. सकाळी फिरून येताना मी एका नेटपाशी थांबतो. चौदा-पंधरा वर्षांची पोरं, हेल्मेट आणि किट बघून डोळे दिपतील. कोच साइडआर्मने, म्हणजे चेंडू वेगात फेकायच्या लांब दांड्याने, चेंडू फेकतो, एकशेतीसच्या वेगाने, आणि पोरगं असा काही ड्राइव्ह मारतं की वाटावं, हा उद्या भारताकडून खेळेल. परवा तिथे एक जुने डावखुरे फिरकी गोलंदाज आले होते. साठी उलटलेले, पायात साध्या चपला. दोन पावलं टाकून त्यांनी चेंडू उंच सोडला. त्याच पोराने पुढचा पाय धाडकन टाकला, हात पॅडच्या पुढे गेले, आणि चेंडू बॅटला लागून पॅडवर आदळून शॉर्ट लेगच्या जागी अलगद उडाला. दुसरा तसाच. तिसराही तसाच. काका एवढंच म्हणाले, "बेटा, पडू दे त्याला. हात मागे." पोराने मान डोलावली, मग कोचकडे वळून म्हणाला, "सर, साइडआर्म आपो ने." काका बाजूला झाले. नंदू, त्या पोराची काय चूक? त्याला जिथे पोचायचंय त्या टी-20त चार षटकांच्या स्पेलमध्ये फिरकी मारायची असते, खेळून काढायची नसते. वरच्या पातळीवर तेच चालतं. 8 नोव्हेंबरला गिल ब्रिस्बेनला टी-20 खेळत होता, 14ला ईडनवर कसोटी सुरू. मधल्या दिवसांत प्रवास वजा कर आणि मला सांग, फिरकीचा सराव करायचा कधी?

कप्तान बदलण्याचा खेळ आपल्या लोकांनी आधीही खेळून झाला आहे आणि त्याची किंमत आपल्या बडोद्याने मोजली आहे. 1958-59ला वेस्ट इंडीजचा संघ आला, तेव्हा पाच कसोट्यांत आपण चार कप्तान केले. उमरीगर, मग गुलाम अहमद, मग मद्रासला संघनिवडीवरून बिनसलं आणि उमरीगरांनी ऐनवेळी नकार दिल्यावर विनू मंकड, आणि दिल्लीत शेवटी हेमू अधिकारी. हेमूभाई आपल्या बडोद्याकडून रणजी खेळलेले. मालिका 3-0 अशी गेलीच. नंतर इंग्लंड दौऱ्याला कप्तान म्हणून दत्ताजीराव गायकवाडांना पाठवलं. आदल्याच वर्षी, 1957-58ला, त्यांच्या हाताखाली बडोद्याने रणजी जिंकली होती. इंग्लंडमध्ये आपण 5-0 हरलो. लॉर्ड्सला ते आजारी होते, तिथे पंकज रॉय कप्तान होते, तरी पाटी दत्ताजीरावांच्या नावावर लागली ती लागलीच. त्यानंतर 1961ला मद्रासला पाकिस्तानविरुद्ध एक कसोटी मिळाली आणि संपलं. जो संघ त्यांच्या हातात दिला, तो वर्षभराच्या ओढाताणीत आधीच विस्कटलेला होता, हे कोण लक्षात घेतो?

तुला मोतीबागेतली ती निळी मारुती आठवते ना, वडाच्या सावलीत उभी असायची? गाडीत बसून ते तासन् तास पोरांचा खेळ बघायचे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ते गेले, 95व्या वर्षी, तेव्हा इरफान पठाणनेही नेमकी तीच गाडी आणि तोच वड आठवला होता. पाच शून्याचा शिक्का कपाळी घेऊन घरी आलेला माणूस पुढची कित्येक वर्षं आपल्या गावासाठी खेळाडू शोधत बसला. ती आठवण आली की कप्तानाला शिव्या देणाऱ्यांत मला सामील व्हावंसं वाटत नाही.

आणि हजारे? 10 फेब्रुवारी 1952ला मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली, कप्तान विजय हजारे. चार महिन्यांनी इंग्लंडमध्ये लीड्सला दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद, त्या चौघांत पहिलीच कसोटी खेळणारे दत्ताजीराव होते, आणि त्या अवस्थेत 56 करणारे पुन्हा हजारेच. मालिका आपण 3-0 हरलो. मद्रासला विनू मंकडांनी सामन्यात 12 बळी काढले होते, लीड्सला ट्रूमनचा वेग खेळता येईल असे फलंदाज नव्हते. डोकं तेच, कप्तान तोच. 14 कसोट्यांत त्यांच्या नावावर विजय एकच आहे. तुझ्या मापाने बघितलं तर हजारेंनाही काढावं लागेल.

गिलच्या चुका मला दिसत नाहीत असं समजू नकोस. यंदा इंग्लंडमध्ये मँचेस्टरला वॉशिंग्टन सुंदरच्या हातात चेंडू द्यायला त्याने फार उशीर केला. दिल्लीत वेस्ट इंडीजला फॉलोऑन देऊन थकलेल्या गोलंदाजांना पुन्हा राबवलं आणि त्यांनी 390 केल्या. लीड्सला पाच शतकं करून आपण हरलो, तरी तिथे मी त्याला सगळा दोष देणार नाही. शेपूट दोन्ही डावांत कोसळलं आणि झेल सुटले. पण पंचविशीतला पोरगा, रोहित आणि विराट मे महिन्यात पाच दिवसांच्या अंतराने कसोटीतून निवृत्त झालेले, आणि पहिलीच मालिका इंग्लंडमध्ये. एजबॅस्टनला 269 आणि 161. मालिकेत 754 धावा. ओव्हलच्या शेवटच्या सकाळी इंग्लंडला 35 हव्या होत्या, चार गडी शिल्लक, सिराज पळत होता आणि आपण सहा धावांनी जिंकलो, तेव्हा रस्त्यावर येऊन ओरडलेला तूच ना? त्या मालिकेची 2-2 मला कित्येक विजयांपेक्षा मोठी वाटते. त्याला चार महिने होतात न होतात तोच तू त्याला खाली उतरवतोस?

राहुल चांगला आहे, पण तो तेहतिशीचा आहे. आज त्याला दिलंस तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा हाच वाद घालत बसू. बुमराहची पाठ कशी दुखावते, हे आपण सिडनीत पाहिलं. पंत उपकप्तान आहे, तिथेच राहू दे.

मला विचारशील तर निवड समितीने तीन गोष्टी कराव्यात. तिसऱ्या क्रमांकावर एक माणूस ठरवावा आणि वर्षभर हलवू नये. ईडनला सुंदर तिसरा आणि पुढच्याच कसोटीत आठवा, असं करून कुणाचंही डोकं ठिकाणावर राहणार नाही. घरच्या विकेट पहिले दोन दिवस फलंदाजीला चांगल्या ठेवाव्यात. आणि कसोटी खेळणाऱ्या फलंदाजांना रणजीचे सामने सक्तीने खेळायला लावावेत, हातात दुखापतीचा कागद नसेल तर सबब ऐकू नये. हे झाल्यावरही दोन वर्षांनी गिल असाच हरत राहिला, तर तुझ्या बाजूने पहिलं मत माझं.

जानेवारीत रणजीचा दुसरा टप्पा आहे. बडोद्याला यायचं ठरवतोयस तर तेव्हाच ये, सेव-उसळ खाऊ आणि दोन दिवस सामना बघू. राहुलबद्दल काय म्हणायचं ते तेव्हा समोर बसून म्हण.

आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
दिलीप