नावं नव्हे, आकडे फिरतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला बर्लिनवरचा लेख वाचला. फोटो झकास. पण आलेक्झांडरप्लाट्झ चौकातल्या जागतिक घड्याळावर ‘शहरांची नावं गोल फिरत राहतात’, हा शोध कुणाचा? आपलं शहर सापडेपर्यंत त्या घड्याळाला प्रदक्षिणा घालावी लागतेच. त्यात नावंही पळू लागली तर वेळ बघून झालीच!

नावं जागची हलत नाहीत. चोवीस बाजूंचा दंडगोल, दर बाजूला एका कालविभागातली शहरं कोरलेली. फिरतं ते १ ते २४ आकड्यांचं कडं. तासाला १५ अंश, म्हणजे चार मिनिटांत एक अंश, आणि तेही पूर्वेच्या शहरांकडून पश्चिमेच्या शहरांकडे. आत्ता मॉस्कोसमोर असलेला आकडा नंतर बर्लिनसमोर येतो. मिनिटाला एक फेरी घेतात ते डोक्यावरचे गोळे. ती सूर्यमाला आहे, लेखात म्हटलंय तसा ‘अणू’ नाही.

यंत्र म्हणे ‘स्विस’! १९६९ सालच्या पूर्व बर्लिनमध्ये? डिझायनर एरिख योन यांच्या या दहा मीटर उंच, सोळा टनी घड्याळाला पूर्व जर्मनीच्याच ट्राबांट मोटारीचा गिअरबॉक्स फेरफार करून बसवलाय. घड्याळावर लेनिनग्राडचं सेंट पीटर्सबर्ग झालं ते १९९७ च्या डागडुजीत.

‘बर्लिन आपल्या साडेतीन तास मागे’ हेही उन्हाळ्यापुरतंच खरं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा. शिवाय अशा घड्याळात कडं एकच. उन्हाळ्यात ते बर्लिनसाठी एक घर पुढे ढकललं, की टोकियोसारख्या वेळ न बदलणाऱ्या शहरांसमोर एक तास जास्त दिसणार. आपला वरचा अर्धा तास चोवीस घरांत पुरता बसतच नाही. नेपाळच्या पाऊण तासाचं तर विचारूच नका.

वेळेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपल्या नागपूर आवृत्तीत पान दोनवर सूर्योदय मुंबईचा छापला जातो. दोन्ही शहरांच्या रेखांशात सव्वासहा अंशांचं अंतर, अंशाला चार मिनिटं, म्हणजे झाली पंचवीस मिनिटं. अक्षांशामुळे ऋतूप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल, पण सूर्य इथे आधीच उगवतो. तुमची वेळ पाहून अर्घ्य द्यायला उठणारा तोवर उन्हात उभा असतो.

आजचा अंक पाहिला. सूर्योदय मुंबईचाच आहे.

– एक वाचक, नागपूर