आवाज खाणारं मखमल

गिरगाव, मुंबई
२९ मे

प्रिय अव्या,

चार महिने पत्र नाही, रागावू नकोस. गुडघा बरा आहे. पुढचं ऐक.

परवा नाट्यस्पर्धेचा परीक्षक म्हणून संगीत ‘सौभद्र’ पाहिलं आणि तेव्हापासून एक हिशेब सुटत नाहीये. सुभद्रा झालेल्या मुलीचा गळा सच्चा, तार षड्जावरही आवाज पातळ होत नाही. पहिला अंक पाचव्या रांगेतून ऐकला आणि गायनाला २० पैकी १७ लिहिले. दुसऱ्या अंकाला नेहमीप्रमाणे मागे, बाल्कनीखाली जाऊन बसलो, तर तीच मुलगी घोंगडी पांघरून गातेय असं वाटलं. सूर कळत होता, शब्द नाही.

कारण डोळ्यांसमोर होतं. फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या उभ्या लाकडी भिंती, काढून तिन्ही बाजूंनी चुण्यांचं काळं मखमल सोडलेलं. सुभद्रा पंधरा फूट मागे लेव्हलवर, म्हणजे उंच चौथऱ्यावर, आणि रंगमंचाच्या कडेचे फूटमाइक पार पुढे. त्यात ऑर्गन-तबला पुढून उचलून विंगेत नेलेले, म्हणजे समेसाठी तिची मान सारखी डावीकडे. चुण्यांचं जाड कापड आधी वरची कंपनं गिळतं, आणि ‘स’, ‘श’, ‘त’ सगळे तिथेच राहतात. मागे प्लायचे फ्लॅट असते तर थोडा तरी आवाज प्रेक्षागृहाकडे परतला असता. दिसायला मात्र देखणं होतं रे. द्वारका दिसली नाही, पण सुभद्रेचं एकटेपण दिसलं.

आता गुण कुणाचे कापायचे? बाकी दोघे परीक्षक म्हणाले, ऐकू आलं तेवढ्याचेच गुण. त्यांनी गायनाचे कापले आणि नेपथ्याला १० पैकी ९ दिले. मी गायन तसंच ठेवून नेपथ्य ४ वर आणलं. मुलीचं पारितोषिक थोडक्यात हुकलं. माझं मला पटतं, आणि रात्री पटत नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसानेही तिकीट काढलं होतं. त्याच्यापर्यंत जे पोचलंच नाही, त्याला १७ कसे? पण ती चार पावलं पुढे येणार कशी? जागा तालमीत बांधून दिलेली, प्रकाश तिथेच पडणार.

‘दिसणं आणि ऐकणं वेगवेगळं मोज,’ हे तू ऑपेरा हाउसच्या बाहेर किती तावातावाने सांगितलं होतंस! हातातला वडा गार झाला तरी हटला नाहीस. मी अजूनही म्हणतो, तसं मोजता येत नाही. नेपथ्य हा आवाजाचा डबा आहे, तानपुऱ्याच्या भोपळ्यासारखा.

तू जर्मनीत बायरॉइटला, वाग्नरच्या ऑपेरांच्या महोत्सवाला जातोयस म्हणून तर हे सगळं लिहितोय. १८७६ च्या त्या नाट्यगृहात वादक रंगमंचाखाली उतरत्या पायऱ्यांवर बसतात, वरून वळणदार झाकण. वाद्यांचा नाद आधी रंगमंचाकडे जातो आणि गळ्याशी मिसळून बाहेर येतो. ऑपेराच्या तयार गळ्याचं तेज ३००० हर्ट्‌झच्या आसपास असतं. तेवढ्या उंच कंपनांवर वाद्यमेळाचा जोर कमी, म्हणून माइकशिवाय गाणं वर राहतं. तेव्हा पडदा उघडला की आधी बघ, गायकाच्या मागे भिंत आहे की पोकळी. तो मागे वळून गायला की कोणती व्यंजनं हरवतात, ते टिपून ठेव. अंधारात लिहू नकोस, मध्यंतर तासाभराचं असतं. संहिता घरून वाचून जा, तिथे वर भाषांतराची पट्टी नसते. आणि एका रात्रीत निकाल देऊ नकोस. दिग्दर्शक पात्रिस शेरोने तिथे बसवलेल्या वाग्नरच्या ‘रिंग’ या ऑपेरामालिकेला १९७६ मध्ये शिट्ट्या आणि आरडाओरडा झाला, १९८० मध्ये त्याच प्रयोगाच्या निरोपाला तासाहून अधिक टाळ्या. कान आणि डोळे जुळायला कधीकधी चार उन्हाळे लागतात. आमच्या मुलीला मिळाली एक संध्याकाळ.

चिनूच्या प्रवेशाचं काय झालं? वहिनींना सांग, लोणचं पोचलं, नानांनी अर्धी बरणी संपवली.

तू त्या खुर्चीत असतास तर गायनाला किती दिले असतेस, तेवढा आकडा लगेच कळव.

तुझा,
शरू