लेकीची नदी पुसू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत केकच्या रेसिपी येतात त्या आम्ही घरात आवडीनं वाचतो आणि त्याच विषयावर हे पत्र लिहितोय. जरा लांब झालंय, जागा असेल तेवढं छापा, पण मधला नदीचा भाग तेवढा कापू नका ही विनंती.

ऑक्टोबरमध्ये आमच्या मुलीला सातवं लागलं. दरवर्षी चौकातल्या बेकरीतनं अर्धा किलोचा केक यायचा, वर गुलाबी नाहीतर निळं क्रीम, आणि ते खाऊन दुसऱ्या दिवसापर्यंत पोरांच्या जिभा निळ्या. यंदा ती म्हणाली पप्पा, केक आपण दोघांनी करायचा. तिची आई हॉस्पिटलात नर्स आहे, त्या आठवड्यात तिला सकाळची ड्युटी होती, म्हणजे दुपारी तीनपर्यंत घरात मी, मुलगी आणि माझी आई. ओव्हन आमच्याकडे नाही. पुरवणीतल्या रेसिपीत पहिलीच ओळ असते की ओव्हन १८० डिग्रीवर तापवून घ्या, आणि आमच्यासारखी घरं तिथंच पान उलटतात. आई म्हणाली कुकरात होतो की, रिंग काढ, शिट्टी काढ आणि तळाला मीठ घाल.

तर जुना पाच लिटरचा कुकर घेतला, जो आता भाताला वापरत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण कुकर पाण्याशिवाय तापवू नका असं कंपन्या सांगतात, त्यामुळं रोजचा चांगला कुकर यासाठी काढू नये, जाड बुडाची झाकणाची कढई असेल तर तीपण चालते. तळाला दीड वाटी जाडं मीठ, त्यावर स्टँड, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं. मीठ एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं आणि डब्याला थेट आच लागत नाही, म्हणून केक खालनं करपत नाही.

माप सगळं वाटीनं. दीड वाटी मैदा, पाऊण वाटी पिठीसाखर, एक वाटी दही, अर्धी वाटी तेल, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वासाला व्हॅनिला. अंडं नाही, कारण आई खात नाही. कामं आधीच वाटून घेतली, गॅस, कुकर आणि सुरी माझ्याकडं, बाकी सगळं तिच्याकडं. तिनं मैदा आणि बेकिंग पावडर तीनदा चाळली, डब्याला आतनं तेल लावलं, वाट्या मोठ्यानं मोजल्या. दह्यात साखर विरघळवून सोडा घातला तेव्हा भांड्यात फेस वर यायला लागला आणि ती ओरडली, पप्पा गॅस बंद आहे तरी दही उकळतंय! मी तिला सांगितलं की दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की वायू तयार होतो, तेच बुडबुडे पिठात अडकतात आणि केक फुगतो. मग तिनंच विचारलं, बुडबुडे पळून गेले तर? म्हणूनच कुकर आधी तापवून ठेवायचा असतो, पीठ कालवून ताटकळत ठेवलं तर वायू निघून जातो आणि केक बसतो. आणि मैदा घातल्यावर फार घोटायचं नाही, गुठळ्या मोडल्या की थांबायचं, नाहीतर चिवट होतो. हे सगळं तिला एका दुपारी समजलं, कारण भांडं तिच्या हातात होतं.

तरी केक मध्ये खचलाच. पंधरा मिनिटं झाली नाहीत तोवर तिला बघायचं होतं म्हणून मी झाकण उघडलं, तेव्हा मधलं पीठ अजून ओलं होतं, आतली वाफ गेली, गार हवा लागली आणि मधला भाग खाली गेला. पुढं मंद आचेवर आणखी अर्धा तास ठेवला, सुरी घालून बघितली, कोरडी निघाली, केक शिजला होता, वासही मस्त सुटला होता, पण मध्ये एका बाजूनं लांबट खड्डा. मला वाईट वाटलं, आता दुसरा करावा का असं मनात आलं. ती मात्र बराच वेळ खड्ड्याकडं बघत बसली आणि म्हणाली, ही नदी आहे. आपण संगम करायचा.

आमच्या गावाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कराडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोरून येऊन मिळतात, आणि मिळालेलं पाणी पुढं एका अंगाला वळतं. आम्ही त्याला प्रीतीसंगम म्हणतो, तिथंच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. दर रविवारी संध्याकाळी आम्ही तिथं जातो, भेळ खातो, पोरं वाळवंटात खेळतात. म्हणजे तिनं काय पुस्तकातलं किंवा मोबाईलमधलं डिझाईन काढलं नव्हतं, जे रोजचं आहे तेच तिला केकवर दिसलं.

आयसिंगला आम्ही चक्का वापरला. आदल्या रात्री दीड लिटर म्हशीच्या दुधाचं दही पंचात बांधून टांगलं होतं, सकाळी अर्धा किलोच्या वर घट्ट चक्का निघाला, त्यात पिठीसाखर आणि वेलची, म्हणजे श्रीखंडापेक्षा गोडीला कमी आणि घट्ट. ऑक्टोबरच्या उकाड्यात विकतचं क्रीम फेटायला बर्फ लागतो, तरी ते विरघळतं, चक्क्याचं तसं नाही, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला की नीट उभा राहतो. फक्त केक पूर्ण गार झाल्याशिवाय लावायचा नाही, कोमट केकवरनं तो घसरतो. आम्ही दोन तास थांबलो, तेवढ्यात तिनं आज्जीच्या मांडीवर डोकं ठेवून एक झोपपण काढली.

निळा रंग हवा होता. बाजारात रंगाची बाटली मिळते, आणि आपल्याकडं कायद्यानं कृत्रिम खाद्यरंगांपैकी फक्त आठच चालतात, पण दुकानातल्या केकमध्ये कुठला आणि किती घातलाय हे गिऱ्हाईकाला कधी कळतं का? आई म्हणाली कुंपणाला गोकर्ण आहे की. मुलीनं वीसेक फुलं तोडून आणली, अर्धी वाटी गरम पाण्यात टाकली आणि पाणी शाईसारखं गर्द निळं झालं. ते चक्क्यात मिसळलं तर चक्का निळा व्हायच्या ऐवजी जांभळट झाला. दही आंबट, आणि गोकर्णीचा रंग आंबटात जांभळ्याकडं जातो. तिनं मग उरलेल्या पाण्यात लिंबू पिळून बघितलं आणि पाणी डोळ्यासमोर जांभळं झालं, ते आज्जीला दाखवलं, शेजारच्या काकूंना बोलवून दाखवलं, आई ड्युटीवरनं आल्यावर परत एकदा नव्या फुलांवर करून दाखवलं. मी म्हटलं नदी जांभळी चालेल का? ती म्हणाली संध्याकाळी तशीच असते. आणि खरंच असते.

दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पुसून, त्यात चक्का भरून कोपरा कात्रीनं जरासा कापला की झाला कोन. पिशवी मधनं दाबायची नाही, वरनं पीळ देत दाबायचं, म्हणजे धार सारखी पडते. तिचे हात छोटे, दोन्ही हातांनी धरूनपण धार कधी जाड कधी बारीक, एका जागी मोठा गोळा पडला तर म्हणाली हा भोवरा. दोन्ही नद्या खड्ड्यात आणून सोडल्या. वाळू म्हणून पार्लेजीचा चुरा. गवत म्हणून खोबऱ्याच्या किसाला पालकाच्या रसाचे चार थेंब. घाटाच्या पायऱ्यांना मारी बिस्किटं. बेसनाचा अर्धा लाडू म्हणजे आगाशिवचा डोंगर. आणि पाण्यात एक काजू, ती नाव, तिच्यात आम्ही चौघं बसलोय म्हणे. सगळं धरून दीड तास ती जागची उठली नाही, आणि ही मुलगी एरवी दहा मिनिटं एका जागी बसत नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. संध्याकाळी पाहुणे आले, माझी ताई, भाऊजी, शेजारची पोरं. मी खाली गाडी लावायला आणि थंडा आणायला गेलो होतो, मुलगी आत नवा ड्रेस घालत होती. ताईनं केक बघितला. तिचा जीव आहे आमच्या पोरीवर, तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं, तिला वाटलं पोरीचे फोटो चांगले यावेत, सगळ्या ग्रुपवर जाणार आहेत. तिनं चमच्यानं नद्या काढून टाकल्या, खड्डा चक्क्यानं भरून सुरीनं वरनं एकसारखं केलं, कडेनं टुटीफ्रुटी लावली, मध्ये डाळिंबाच्या दाण्यांनी सात आकडा काढला. खरं सांगायचं तर दिसायला देखणा झाला होता. सगळे वा वा म्हणाले.

औक्षण झालं. आमच्यात मेणबत्ती विझवत नाही, निरांजन ओवाळतात. मग सुरी तिच्या हातात दिली. तिनं केककडं बघितलं, सगळीकडं नजर फिरवली, आणि हळू आवाजात मला विचारलं, पप्पा, माझी नदी कुठंय?

रडली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनं केक कापला, फोटोत हसलीपण. पण खाल्ला नाही. रात्री तिच्या आईला म्हणाली, आत्याचा केक छान होता. आत्याचा म्हणाली. दिवसभर चाळणी धरलेले हात तिचे, फुलं तिनं तोडलेली, खड्ड्याची नदी तिनं केलेली आणि शेवटी तिच्या दृष्टीनं तो केक तिचा राहिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी ताईला फोन करून सांगितलं. ती गप्प झाली, मग म्हणाली अरे मला कुणी सांगितलंच नाही की ती नदी होती, मला वाटलं पोरीच्या हातनं सांडलंय. आणि हेच मला सगळ्या आईबापांना, आत्या-मावश्यांना सांगायचंय. पोराच्या हातचं काही वेडंवाकडं दिसलं तर पुसायच्या आधी त्याला विचारा की हे काय आहे. एवढं एकच वाक्य. आपण चित्राच्या वहीत हात घालत नाही, पण केकवर, रांगोळीवर, किल्ल्यावर मात्र सरळ हात घालतो, कारण ते चारचौघांत दिसणार असतं. दिवाळीत पोरांच्या मातीच्या किल्ल्यांवर बापच बसलेले दिसतात आणि पोरं बाजूला उभी राहून पाणी आणून देतात, हे मी गल्लीत दरवर्षी बघतो. मीपण केलंय ते. यंदा नाही केलं.

शाळेचंही थोडं. वर्गात वाटायला आम्ही याच पिठाचे छोटे केक वाट्यांमध्ये करून देणार होतो, तर निरोप आला की घरचं काही चालणार नाही, पॅकबंद चॉकलेटच आणा. कुणाला काय सोसत नाही, कुणाच्या पोटाचं काय, ही शाळेची काळजी मला कळते. पण मे २०२५ मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना मुलांच्या खाण्यापिण्यात साखर किती असते ते दाखवणारे फलक लावायला सांगितले, म्हणजे जास्त साखरेची काळजी वरपर्यंत पोचलीय, आणि वाढदिवसाला मात्र प्रत्येक पोराच्या हातात चॉकलेटच द्यायचं, हे मला पटत नाही. निदान कशात काय घातलंय याची चिठ्ठी लावून घरचं चालावं, एवढा विचार शाळांनी करावा.

आणि तुम्हाला विनंती अशी की पुरवणीत एखादी तरी रेसिपी ओव्हन नसलेल्या घरासाठी द्या, वाटी-चमच्याच्या मापात, आणि त्यात पोरानं करायचं काम कोणतं आणि मोठ्यानं करायचं कोणतं हे वेगळं लिहा. आणि मुलांनी सजवलेल्या केकचे फोटो मागवलेत तर जसे आहेत तसे छापा, खचलेले, सांडलेले, सगळे. खाली त्या पोराच्या शब्दात लिहा की हे काय आहे. मग बघणाऱ्याला गोळा दिसणार नाही, भोवरा दिसेल.

जानेवारीत तिच्या आईचा वाढदिवस आहे. यावेळी कोयना धरण करायचं ठरलंय, सहा वक्र दरवाज्यांना वेफर बिस्किटं आणि मागं शिवसागरचं पाणी. आत्तापासून दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातल्यात. ताईलापण बोलावलंय, सकाळपासूनच, आणि मुलीनं तिला काम दिलंय गोकर्णीची फुलं सुकवून आणायचं, कारण जानेवारीत कुंपणावर फुलं कमी असतात. दरवाजे उघडले की पाणी खाली आलं पाहिजे अशी तिची अट आहे, ते चक्क्यानं होणार नाही, दुधात काहीतरी करून बघावं लागेल. कुणा वाचकाला सुचत असेल तर जरूर कळवावं.

कळावे,
एक वाचक, कराड